याडी आणि टाकीची वाकडी रेघ

मला याडीनं वाचवलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे तिच्याबद्दल जे सांगणार आहे ते वाचून कोणालाही वाटेल की ही बाई माझ्या वाईटावर होती. मला स्वतःला बरेच महिने तसंच वाटत होतं. मिस्त्रींनीही हात दिला, त्यांचंही नाव इथेच घेतो, मागे राहायला नको. पण आधी याडी.

याडी म्हणजे गोर बोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, आई. ती आमच्या शेठची आई, म्हणून शेठ तिला याडी म्हणायचे. त्यांचं ऐकून ड्रायव्हर, क्लीनर, चहावाला, सगळेच म्हणायला लागले होते. वणीहून राजूरकडे जाताना रस्त्याला लागूनच त्यांचं यार्ड. कोळशाच्या खेपा करणारे टिप्पर तिथे उभे राहायचे, डिझेल भरून पुन्हा खाणीकडे सुटायचे. फाटकाशी एक कडुनिंब होता, त्याच्या पानांवर बारा महिने काळी पूड. त्याखाली बाज, आणि बाजेवर याडी. तोंड फाटकाकडे, पाठ ऑफिसकडे. ऑफिसकडे पाठ काहून, असं एका ड्रायव्हरनं विचारलं, तर म्हणाली, "तिकडले चोर मले आवाजानं समजतेत. इकडले पाहा लागते."

घराणं मूळचं महागावकडच्या एका तांड्यावरचं. तिच्या सासरचे लोक पिढ्यान् पिढ्या बैलांवर माल वाहायचे. ती सांगायची, "तव्हा बैल होते, आता टिप्पर हाय. बैल बदलले, चोर तेच राह्यले."

हातभर पांढऱ्या बांगड्या घालायची ती. चालली की त्या वाजायच्या आणि यार्डभर समजायचं, याडी उठली. क्लीनर लोक विड्या विझवायचे, टायरवाला उगाच हातोडी उचलायचा. पण कधीकधी ती बांगड्या कोपराच्या वर सरकवून पदरात आवळून धरायची आणि मग मांजरीसारखी यायची. मागे वळून पाहावं तर उभी. "काय बे, घाबरला? काही केलं नसन तर घाबराचं कायले?" मी काही केलेलं नसायचं आणि तरी घाबरायचो. माझा स्वभावच तसा आहे. दाराला कुलूप लावल्यावर मी अजूनही परत येऊन ओढून बघतो.

मी संगमेश्वराकडचा. शाळा नववीनंतर सुटली. चिपळूणला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करता करता फोनवरचे हिंदी व्हिडिओ बघून बघून थोडं जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबपानं चालवायची भाषा, शिकलो. दुकान बंद झालं. एका वणीच्या ड्रायव्हरचा फोन मी नीट करून दिला होता, तो म्हणाला, आमच्या शेठला कॉम्प्युटरवाला मुलगा पाहिजे, चल. त्याच्याच ट्रकमधून आलो. ट्रकमधून उतरलो तर समोर बाज.

"शाळा किती?"

"नववी."

"दहावी काहून नाही?"

"घरी जमलं नाही."

ती माझ्या बॅगेकडे बघत होती, तोंडाकडे नाही. "इतक्या दुरून मानूस दोन गोष्टीनं येते. एक पोट, नाहीतर पोलीस. तुह्यं कोनतं?"

"पोट."

"दोघंबी पोटच सांगतेत," ती म्हणाली, आणि मला जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, तुरीचं वरण. जेवून झाल्यावर ताट उचलून तिरकं करून पाहिलं. "खाल्लं म्हणते आन् ठेचा हाय तसाच हाय." मग सुनेला हाक मारून माझ्यासाठी दही मागवलं. संशय आणि माया ती एकाच ताटात वाढायची. मला त्या दिवशी नुसता संशयच दिसला.

टायरच्या गोदामामागे एक खोली मला राहायला मिळाली. तिची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी याडीकडे. लपूनछपून नव्हे, कमरेला लटकवलेली, सगळ्यांना दिसेल अशी. "मी कवाबी येऊन पाहीन," असं तिनं तोंडावर सांगितलं होतं. माझ्या माहितीत ती एकदाच आली होती. मला ताप भरला होता तेव्हा, काढा घेऊन.

तिची एक पद्धत अशी की कोणतीही गोष्ट दोन माणसांना वेगवेगळी विचारायची. आज वार कोणता, हेसुद्धा. पहिल्यानं मंगळवार सांगितला की ती मान हलवायची, आणि जरा वेळानं दुसऱ्याला पकडून, "काबे, आज बुधवार ना?" असं मुद्दाम चुकीचं विचारायची. तो "हो" म्हणाला की त्याचं दिवसभर खरं नसायचं. फोनवरही तसंच. सख्खा भाऊ बोलत असला तरी आधी विचारायची, "मागल्या खेपेले तू आलता तव्हा मी काय रांधलं होतं?" भाऊ वैतागायचा. "बाई, माहा आवाज ओळखू येत नाही का?" "आवाज कोनीबी काढते," ती म्हणायची, "भाजी सांग."

माझ्या आईलाही तिनं फोन केला होता. मला न सांगता. शेठच्या कागदपत्रांतून नंबर काढला. आईनं नंतर मला घाबरून विचारलं, "अरे, ती कोण बाई? तुझ्या उजव्या पायावर खूण आहे का विचारत होती." खूण आहे, लहानपणी विळ्यावर पाय पडला होता. आईनं बरोबर सांगितलं. त्या दिवसापासून यार्डात माझं थोडं बरं चाललं, आणि का ते मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं.

आता टाकीचं सांगतो. यार्डात डिझेलची मोठी टाकी होती, आडवी, गोल, कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेली. एका अंगाला पोचा आलेला. टाकीत किती डिझेल आहे हे बघायला वरच्या झाकणातून पितळी गज सोडायचा आणि ओली खूण कितीवर आली ते वाचायचं. पण गजावरची उंची म्हणजे लिटर नव्हे. गोल टाकी तळाशी आणि माथ्याशी आवळलेली असते, पोटात फुगलेली. तळाला बोटभर उंचीत थोडंच मावतं, पोटात त्याच बोटभर उंचीत कितीतरी जास्त. नवीन टाकीबरोबर कारखान्याचा तक्ता येतो, अमुक उंचीला तमुक लिटर. आमच्या टाकीबरोबर फक्त पोचा आला होता.

शेठला फोनवर बघायचं होतं, आत्ता टाकीत किती आहे. म्हणाले, "तुले कॉम्प्युटर येते ना? करून दाखव." आणि डिझेल द्यायचं कामही माझ्याकडेच आलं. गज मी बुडवायचा, नळी मी धरायची, आकडा मी टाकायचा.

यार्डातले ट्रक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी टाकी गळते का पाहायला तिच्यात आधी पाणी भरलं होतं, मापाच्या पिंपानं. दर पिंपाला गज किती भिजला, ते त्यांनी टाकीच्या अंगावरच खडूनं लिहून ठेवलं होतं. मी फोनवर उघडेल असं एक वेबपान बनवायला घेतलं आणि ते आकडे ठिपके करून स्क्रीनवर मांडले. खाली उंची, बाजूला लिटर. ठिपक्यांमधून जाणारी रेघ सरळ नव्हती. आधी जमिनीला धरून चालायची, मग नागानं फणा काढावा तशी उठायची, आणि वर जाऊन पुन्हा मान टाकायची. अशी वाकडी रेघ काढायला बेझिए कर्व्ह नावाचा प्रकार वापरतात. दोन टोकं ठरवायची, आणि बाहेरून आणखी दोन ठिपके धरून रेघेला पाहिजे तशी ओढायची. मी ते दोन ठिपके बोटानं सरकवत सरकवत रेघ मिस्त्रींच्या आकड्यांवरून नेली. गणित करून नव्हे, नजरेनं. फार सुंदर बसली होती.

याडी मागे उभी होती. बांगड्या वर.

"हे दोन टिपके रेघेवर नाही. मंग इथं काय करून राह्यले?"

"ते रेघेला ओढतात, याडी. बाहेर राहून."

"सोता रेघेवर येत नाही, आन् बाहेर बसून ओढतेत?" ती म्हणाली. "पुढारी हायेत का?"

मिस्त्री चहा पिता पिता इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग मी तिला सांगितलं की या रेघेवरून लिटर शोधायचा हिशोब मी स्वतः करत नाही, त्यासाठी जावास्क्रिप्टची एक तयार लायब्ररी मिळते. कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं काम. आपण ते आपल्या पानाला जोडायचं आणि विचारायचं, रेघ या जागी कुठे आहे? ती आकडा देते.

"कोनं लिहिली?"

"बाहेरच्या देशातला कोणी आहे."

"किती घेतले त्यानं?"

"काही नाही. फुकट आहे."

ती बाजेवर जाऊन बसली. तिथूनच म्हणाली, "फुकट कोनी देते का? त्याचं काय हाय याच्यात?" पुढे आठवडाभर ती येता-जाता त्या माणसाची चौकशी करायची. त्याचं लगन झालं का. त्याला दुसरा धंदा आहे का. मला काहीच ठाऊक नव्हतं. "तुले त्याची माय ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, आन् माह्या डिझलचा कारभार त्याच्या हाती देल्ला."

मी पान तपासलं होतं. माझा स्वभाव सांगितलाच. गज कोरडा, तर शून्य दाखवलं. टाकी काठोकाठ, तर भरलेली दाखवली. बरोबर निम्म्यावर, तर निम्मी दाखवली. सुरुवात, मध्य, शेवट, तिन्ही ठिकाणी चोख. दोनदा पाहिलं. शेठनं पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना फोन काढून दाखवला.

काही दिवसांनी शेठनं पानावर एक नवी ओळ मागितली. नळीच्या मीटरनुसार ट्रकांना दिलेलं डिझेल एकीकडे, आणि टाकीतून कमी झालेलं दुसरीकडे. दोन्ही सारखं यायला हवं. टाकीतून जास्त गेलं तर लाल अक्षरात दिसेल. ती ओळही मीच केली. माझ्याच हातानं.

टाकी निम्म्याकडे उतरू लागली तशी लाल अक्षरं यायला लागली. दिलं होतं त्याहून जास्त टाकीतून गेलेलं. रोज. मी गज दोनदा बुडवू लागलो, तीनदा बुडवू लागलो, फडक्यानं पुसून पुन्हा बुडवू लागलो. आकडा तोच. मीटर तपासलं, बरोबर होतं. आणि टाकीची किल्ली फक्त माझ्याकडे होती.

सांगू कोणाला? पान चुकतंय म्हणावं, तर चोर दुसरं काय म्हणणार. पान बरोबर आहे म्हणावं, तर मग डिझेल गेलं कुठे? मी बनवलेलं पान मलाच चोर म्हणत होतं आणि माझ्या बाजूनं बोलायला मीसुद्धा नव्हतो.

एका दुपारी शेठनं मला टाकीपाशी उभं केलं आणि फोन समोर धरला. मला वाटलं काही दाखवतायत. त्यांनी माझा फोटो काढला.

वणीच्या ट्रकवाल्या मालकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. डिझेल चोरलं, टायर बदलले, माल खाली केला, की त्या माणसाचा फोटो त्यात पडतो. खाली फक्त एक शब्द लिहितात. तो फोटो वणीतून चंद्रपूरला जातो, तिथून कुठे कुठे. मग त्या माणसाला यार्डात काय, यार्डाच्या चहाच्या टपरीवरही कोणी उभं करत नाही. तो ड्रायव्हर, ज्याच्या ट्रकमधून मी आलो, तोच चिपळूणला खेपा करायचा. फोटो माझ्या आधी घरी पोचला असता.

"आता बोल," शेठ म्हणाले. "कोणाले विकून राह्यला?"

मला पायाखालची कोळशाची पूड तेवढी दिसत होती.

बांगड्यांचा आवाज आला नाही. ती आलेली होती. "ओ शेठ," ती म्हणाली. चारचौघांत मुलाला टोमणा मारायचा असला की ती त्याला शेठ म्हणायची. "फोटो धाडला का?"

"धाडून राह्यलो."

"धाडू नको."

"याडी, तूच म्हणत होती ना पहिल्या दिवसापासून, याच्यावर लक्ष ठेव म्हणून?"

"आताबी म्हणते. चोर असन तर चोर हाय. पन मी अजून पाह्यलं नाही. मी पाहीन, मंग धाड." माझ्याकडे वळून हात पुढे केला. "किल्ली."

मी किल्ली दिली. "आजपासून तू टाकीपाशी जायचं नाही. गेला तर तंगडं तोडीन," ती म्हणाली. आणि किल्ली मिस्त्रींना दिली.

मला वाटलं, संपलं. खोलीत जाऊन बॅग भरून ठेवली. संध्याकाळी सुनेच्या हाती ताट आलं, मी खाल्लं नाही. ताट परत गेलं, आणि थोड्या वेळानं तेच पुन्हा आलं, निरोपासहित: "उपाशी पळाला तर जास्त दूर नाही जाईन म्हणा. खाय."

मिस्त्रींनी गज बुडवला, मिस्त्रींनी नळी धरली. मी लांब ऑफिसच्या पायरीवर बसून बघायचो. पानावर पुन्हा लाल अक्षरं. मिस्त्री या यार्डात शेठच्या वडिलांपासून. पांढरी दाढी, पाच वेळचे नमाजी. त्यांनी फोन लांब धरून आकडा वाचला आणि म्हणाले, "लो भाई. इस उमर में ये भी देख लिया." मिस्त्रींचा फोटो काढायचं काही शेठच्या मनात आलं नाही.

याडीनं मिस्त्रींकडूनही किल्ली काढून घेतली. त्यांना वाईट वाटलं असणार. पण ते म्हणाले, "बराबर है. मुझ पे भी शक करो, तभी तो इंसाफ है."

मग ती स्वतः. पदर खोचून टाकीच्या शिडीवर चढली, गज सोडला, काढला, नखानं खूण धरून खाली आणली. ट्रक आले तशी नळी तिनंच धरली. एकही हात मध्ये येऊ दिला नाही. दुपारपर्यंत तिचा पदर डिझेलनं भिजला होता, पांढऱ्या बांगड्या काळ्या पडल्या होत्या. शेवटी तिनं शेठला पान उघडायला लावलं. मला पायरीवरून हाक मारली. मिस्त्रींना बोलावलं. चहावाला आपण होऊनच आला.

शेठनं फोन पाहिला आणि खिशात घालू लागले.

"मी किती खाल्लं म्हणते ते?" तिनं विचारलं.

"याडी, जाऊ दे."

"जाऊ कायले देऊ? त्याचं त्याच्यासमोर वाचलं, आता माह्यं माह्यासमोर वाच."

शेठनी वाचलं. हलक्या आवाजात.

ती बाजेवर बसली. खरंच विचार करत होती, चेष्टा नव्हती ती. "मी माह्याच टाकीतलं डिझल चोरते," ती म्हणाली. "झोपीत तर नाही ना उठत मी?" सुनेला हाक मारून विचारलं सुद्धा. सून म्हणाली, नाही. मग नातीला वेगळं विचारलं. तीही नाही म्हणाली. तेव्हा कुठे तिनं स्वतःला सोडलं.

"आता मले हे सांग. टाकी भरली होती, त्या आठवड्यात हे मशीन काय म्हणत होतं?"

शेठनी बोट फिरवून मागचं काढलं. तेव्हा उलटं होतं. टाकी काठाला होती त्या दिवसांत दिलेल्यापेक्षा कमी गेलेलं दिसत होतं. म्हणजे टाकीत जास्तच उरलेलं.

"तव्हा तू बोलला नाही," ती शेठना म्हणाली. "जास्त आलं तव्हा मुकाट बसला. हा पोट्टा भरल्या टाकीत सोताच्या घरचं डिझल आणून टाकते, आन् निम्मी झाली की चोरते? असा चोर मी अजून पाह्यला नाही. अशा चोराले तर पगार वाढवून दे."

शेठ टाकीकडे बघत होते.

ती माझ्या कॉम्प्युटरपाशी खुर्ची ओढून बसली. मला म्हणाली, "बस. तू कोठं कोठं पाह्यलं होतं, दाखव."

मी दाखवलं. रिकामी. निम्मी. भरलेली.

"आन् मधात?"

"मध्ये निम्मी पाहिली ना."

"निम्म्याच्या आन् रिकामीच्या मधात? फाटकावर कोन हाय ते तू पाह्यलं, घरात कोन हाय ते पाह्यलं. अंगनात कोन हाय?"

मी मिस्त्रींच्या खडूच्या आकड्यांतला चौथाईचा आकडा घातला. खडूनं लिहिलं होतं त्याहून पानानं कमी दाखवलं. पुन्हा घातला. मग मी जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं: पानानं दिलेला आकडा त्या रेघेवर ठिपका म्हणून ठेवून पाहिला. ठिपका रेघेवर बसलाच नाही. खाली लोंबकळत होता. माझी रेघ बरोबर होती. पान माझ्या रेघेचंच ऐकत नव्हतं.

त्या लायब्ररीत विचारायच्या दोन तऱ्हा आहेत. एक अशी: रेघेवरून इतका प्रवास झाला, तर मी कुठे पोचलो? दुसरी अशी: उंची इतकी आहे, तर त्या उंचीला रेघ कुठे सापडते? मला दुसरी पाहिजे होती. मी वापरली होती पहिली. गजाची उंची मी प्रवास म्हणून सांगत होतो. दोन्ही आकडे शून्य ते एक, दोन्हींचे चेहरे सारखे, म्हणून मला कळलंच नाही.

हे मी याडीला टिप्परच्या भाषेत सांगितलं. ट्रक खाणीतून निघतो तेव्हा हळू, मोकळ्या रस्त्याला जोरात, कोळसा उतरवायच्या रेल्वे सायडिंगजवळ पुन्हा हळू. निघताना वेळ आणि रस्ता दोन्ही शून्य, पोचताना दोन्ही पुरे, आणि बरोबर निम्म्या वेळेला बरोबर निम्मा रस्ता. तिन्ही ठिकाणी मेळ बसतो. पण चौथाई वेळ झाली म्हणून चौथाई रस्ता झालेला नसतो. मी तो झाला असं धरून चाललो होतो.

"म्हणजे चूक त्या फुकटवाल्याची नाही," ती म्हणाली.

"नाही. माझी."

मला वाटलं होतं आता नक्की काढतील. चोरीसाठी नाही तर या मूर्खपणासाठी. शेठ काही बोलायच्या आत ती म्हणाली, "तरी मी म्हणत होती, मानूस बरा असन," आणि हे ती त्या परदेशातल्या माणसाबद्दल म्हणत होती.

एक ओळ बदलली. मिस्त्रींचे सगळे आकडे एकेक करून घातले, सगळे ठिपके रेघेवर बसले. शेठना खरं वाटलं. त्यांनी माझ्यासमोर तो फोटो फोनमधून पुसून टाकला. याडीला खरं वाटलं नाही. "कालबी बरोबर हाय म्हणतच होता हा." एक टाकी भरून पूर्ण रिकामी होईपर्यंत तिनं किल्ली कोणाला दिली नाही. स्वतः शिडी चढायची, गुडघे दुखायचे, चढताना मिस्त्रींना, मला, त्या रेघेला, सगळ्यांना शिव्या घालायची. टाकी उतरली. एकदाही लाल अक्षर आलं नाही. तेव्हा किल्ली माझ्यासमोर बाजेवर ठेवली आणि तोंड फाटकाकडे वळवलं.

तिचा विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. तो तिचा कोणावरच नव्हता. शेठ मला पाठीवर थाप मारून शाबास म्हणाले होते, आणि लाल अक्षरं आली तेव्हा फोटो त्यांनीच काढला. याडी मला पहिल्या दिवसापासून चोर म्हणत आली आणि वेळ आली तेव्हा म्हणाली, मी अजून पाह्यलं नाही. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. ज्याला सगळ्यांवरच संशय आहे, त्याच्यापुढे निदान सगळे सारखे असतात, परका मुलगाही आणि आपण स्वतःही.

अजून मी इथेच आहे, यवतमाळ जिल्ह्यातच, आता दुसऱ्या एका यार्डात, तिथले कॉम्प्युटर माझ्याकडे आहेत. शेठनीच शब्द टाकला. याडी आता शिडी चढत नाही. मी सुट्टीला जाऊन बसतो बाजेजवळ. मागच्या खेपेला तिनं विचारलं, तुह्या गावापासून समुद्र किती दूर. मी सांगितलं, तर म्हणाली, "इतकं पानी हाय आन् पेता येत नाही म्हणतेत. तू पेऊन पाह्यलं?" मी म्हणालो, लहानपणी तोंडात गेलंय, खारट असतं. "तुह्या तोंडात गेलं," ती म्हणाली. "माह्या तोंडात नाही गेलं."

आईला मी त्या फोटोचं अजून सांगितलेलं नाही. याडीनंही सांगितलं नाही, नंबर होता तरी. ते मला फोनवर सांगायचं नाही. याडीला मी एकदा गावी नेणार आहे. गुडघ्यांना झेपेल अशा बेतानं, थंडीच्या दिवसांत, खिडकीच्या जागेवर बसवून. आमच्या पडवीत बसवून तिच्यासमोरच आईला सगळं सांगेन, ती मध्ये मध्ये माझं चुकीचं ठरवेल, ते ठरवू देईन. दुसऱ्या दिवशी हात धरून तिला समुद्राच्या पुळणीवर नेईन, पाण्यात घोट्यापर्यंत उभी करीन, आणि ओंजळ तिची तिलाच भरू देईन.